करवंटीचा कोळसा आणि विजेची साठवण

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्यासाठी झालेल्या विज्ञान-व्याख्यानाचा मजकूर)



घरातील छताचा पंखा मंद फिरू लागला की कारागीर येतो, वरची वाटी खाली सरकवतो, ‘कंडेन्सर गेला’ असे सांगतो आणि एक लहानशी डबी बदलून देतो. पाठ्यपुस्तकात त्याच डबीला धारित्र म्हणतात. तिची धारिता बहुधा अडीच मायक्रोफॅराड असते, म्हणजे एका फॅराडचा दहा लाखावा भाग घ्यावा आणि त्याची अडीचपट करावी. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेला सुपरकॅपॅसिटर याच कुळातला. पाण्याच्या छोट्या बाटलीएवढ्या आणि अर्धा किलो वजनाच्या एका सुपरकॅपॅसिटरची धारिता मात्र ३००० फॅराड असते. पंख्याच्या डबीच्या तुलनेत ही वाढ शंभर कोटींहून अधिक पट आहे. पृथ्वीच्या आकाराचा धातूचा गोल एकटा अवकाशात ठेवला, तर त्याची धारिताही एका फॅराडच्या हजाराव्या भागापेक्षा कमी भरेल. एवढी मोठी झेप कोणा दुर्मीळ धातूमुळे शक्य झाली असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ती कोळशामुळे शक्य झाली, आणि त्यातील बराचसा कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो.

धारित्राचे तत्त्व जुने आहे. १७४५-४६ च्या सुमारास लेडन येथील काचेच्या बरणीत वीज साठवण्यात आली तेव्हापासून ते जगाला ठाऊक आहे. दोन वाहक पट्ट्या समोरासमोर ठेवाव्यात, मध्ये विसंवाहक असावा, एका पट्टीवर धन व दुसरीवर ऋण प्रभार साचावा, एवढेच त्याचे स्वरूप. पट्टीचे क्षेत्रफळ वाढले की धारिता वाढते आणि दोन पट्ट्यांतील अंतर कमी झाले तरीही वाढते. क्षेत्रफळ वाढवण्याला आणि अंतर घटवण्याला साध्या पट्ट्यांच्या बाबतीत लवकरच मर्यादा पडते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये एक निराळी शक्यता दाखवून दिली. विद्युत अग्र क्षारयुक्त द्रावणात बुडवले की द्रावणातील विरुद्ध प्रभाराचे आयन त्याच्या पृष्ठभागाला लगटून ओळीने उभे राहतात. अग्रावरील प्रभार ही एक पट्टी, आयनांची ओळ ही दुसरी, आणि दोहोंमधील अंतर एका नॅनोमीटरहूनही कमी. अंतराचा प्रश्न निसर्गानेच असा सोडवून ठेवला होता. उरला तो क्षेत्रफळाचा.

तो सोडवण्यासाठी कोळसा पुढे आला. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांना सच्छिद्र कार्बनची अग्रे असलेल्या धारित्राचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. या साधनात नेमके काय घडते ते ठाऊक नाही, पण धारिता विलक्षण मोठी मिळते, अशी प्रांजळ नोंद त्या पेटंटमध्येच आहे. पुढे स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायो या कंपनीने हे काम पुढे नेले, आणि जपानच्या एनईसी कंपनीने १९७८ मध्ये संगणकाच्या स्मृतीला आधार देणारे साधन म्हणून ते बाजारात आणले.

आता करवंटीकडे वळू या. लाकूड किंवा करवंटी हवा तोडून तापवली की तयार होतो तो लोणारी कोळसा. त्यात छिद्रे असतात, पण ती थोडी आणि बरीचशी बुजलेली. हा कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याच्या वाफेच्या सान्निध्यात ठेवला की वाफ कार्बनचा काही भाग खाऊन टाकते आणि आत सूक्ष्म बोगदे कोरले जातात. यालाच सक्रियीकरण म्हणतात. वाफेऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले तर कोरीवकाम अधिक खोल होते. (शाळकरी मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करून पाहण्याची कल्पनाही करू नये. तापलेला अल्क काच, कातडी आणि डोळे यांपैकी कशाचीच गय करत नाही.) अशा रीतीने सिद्ध झालेल्या एका ग्रॅम कोळशाचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे १५०० चौरस मीटर असते. पुरुषांच्या कबड्डीची अकरा मैदाने चिमूटभर पुडीत घडी घालून ठेवावीत, तसा हा प्रकार आहे. कार्बनच्या पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरला सुमारे १० मायक्रोफॅराड धारिता मिळते असे धरले, तर एका ग्रॅमला १५० फॅराड हिशेबाने मिळायला हवेत. प्रत्यक्षातील आकडे याच्या आसपास येतात.

करवंटीचीच निवड का झाली, हे नीट पाहण्यासारखे आहे. ती कठीण आणि घट्ट असते, त्यामुळे तिच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे तयार होतात आणि कणही भुसभुशीत होत नाही. तिच्यात राख कमी असते. शिवाय नारळाच्या व्यवसायात ती आपोआप मागे उरते. केरळ आणि तामिळनाडूत करवंटीपासून सक्रिय कोळसा बनवण्याचा उद्योग चांगला रुजलेला आहे. घरोघरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत तोच असतो. पण पाणी गाळणाऱ्या कोळशाला जे चालते ते विद्युत अग्राला चालत नाही. लोहाचा अंश, राख, ओलावा यांचे प्रमाण तेथे फार खाली आणावे लागते. हे काम वरवर क्षुल्लक दिसते, परंतु साधन दहा वर्षे टिकणार की दहा महिने, हे बहुधा तेथेच ठरते.

एका ग्रॅमचे पृष्ठफळ १५०० वरून ३००० चौरस मीटर केले तर धारिता दुप्पट व्हावी, असे कोणीही म्हणेल. अनेक वर्षे संशोधनाचा ओघ त्याच दिशेने होता. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठात ग्राफीनवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून ३१०० चौरस मीटरपर्यंतचा कार्बन तयार करण्यात आला. कार्बनच्या एका अणुथराचे, म्हणजे ग्राफीनचे, सैद्धांतिक पृष्ठफळही २६३० चौरस मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामगिरीची उंची कळते. तरीही धारिता पृष्ठफळाच्या पटीत वाढत नाही, असेच वारंवार दिसून आले. याची कारणे अनेक आहेत. अति कोरलेल्या कोळशाच्या भिंती इतक्या पातळ होतात की दोन्ही बाजूंच्या आयनांना पुरेल एवढा प्रभार त्या धरू शकत नाहीत. पृष्ठफळ मोजताना नायट्रोजन वायूचे रेणू जेथे पोहोचतात, तेथे द्रावणातला आयन पोहोचेलच असे नाही. आणि पोकळी वाढली की कोळसा हलका होतो. मग ग्रॅममागे धारिता वाढली तरी घनसेंटिमीटरमागे ती घटते. मोटारीत किंवा यंत्रात जागा तर मोजकीच असते. एकाच आकड्यावर नजर खिळवली की बाकीची गुणपत्रिका वाचायची राहून जाते. पालकांना हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

क्षेत्रफळाकडून छिद्राच्या आकाराकडे लक्ष वळवले ते एका गाजलेल्या प्रयोगाने. द्रावणातील आयन एकटा फिरत नाही. द्रावकाच्या रेणूंचे कवच तो अंगावर वागवत असतो. सुपरकॅपॅसिटरमध्ये नेहमी वापरला जाणारा टेट्राइथाइल अमोनियम हा धन आयन नुसता सुमारे ०.६८ नॅनोमीटरचा असतो, पण ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचे कवच धरले तर तो १.३ नॅनोमीटर होतो. तेव्हा कवचासह आयन मावेल अशीच छिद्रे उपयोगाची, त्याहून लहान छिद्रे वाया गेली, असा सर्वमान्य समज होता. दोन ते पाच नॅनोमीटरची छिद्रे उत्तम मानली जात. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे युरी गोगोत्सी आणि फ्रान्समधील तुलूझचे पॅट्रिस सिमोन यांनी सहकाऱ्यांसह हा समज तपासून पाहिला. त्यांनी टायटॅनियम कार्बाइडमधील टायटॅनियम क्लोरिन वायूने काढून टाकले. मागे उरलेल्या कार्बनमध्ये हव्या त्या मापाची छिद्रे त्यांना मिळाली, कारण तापमान बदलले की छिद्राचे माप बदलते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. छिद्रे एका नॅनोमीटरपेक्षा लहान झाल्यावर पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे धारिता घटण्याऐवजी झपाट्याने वाढली.

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत जाताना घोडेस्वाराला पायउतार व्हावे लागते, मान लववावी लागते. आयनाचेही तसेच होते. अरुंद छिद्रात शिरताना तो आपले कवच काही अंशी बाहेर ठेवतो आणि त्यामुळे कार्बनच्या भिंतीच्या अधिक निकट जातो. अंतर घटले की धारिता वाढते, हा लेडनच्या बरणीपासूनचा नियम येथेही लागू पडला. दोन वर्षांनी याच परंपरेतील दुसऱ्या प्रयोगात द्रावकच नसलेला, निव्वळ आयनांचा द्रव वापरण्यात आला. छिद्राचे माप आयनाच्या मापाशी जुळते तेथे, म्हणजे सुमारे ०.७ नॅनोमीटरला, धारिता सर्वाधिक असल्याचे त्यात दिसले. छिद्र त्याहून मोठे झाले तरी धारिता कमी आणि लहान झाले तरी कमी.

म्हणून सगळी छिद्रे ०.७ नॅनोमीटरची करावीत, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही पुरता बरोबर ठरणार नाही. केवळ बोळांच्या गावात माणसे घरोघर पोहोचतील खरी, पण जत्रेच्या दिवशी चेंगराचेंगरी होईल. सुपरकॅपॅसिटरची खरी मातब्बरी काही सेकंदांत भरण्यात आणि काही सेकंदांत रिकामे होण्यात आहे. त्यासाठी आयनांना आत-बाहेर धावायला हमरस्ते, गल्ल्या आणि बोळ असे तिन्ही लागतात. मोठ्या छिद्रांनी वाहतूक सांभाळावी, लहान छिद्रांनी साठा सांभाळावा, अशी रचना साधणे हे आजच्या अग्र-निर्मितीतील कौशल्याचे काम आहे.

या संदर्भात पुण्यातील एका संशोधनाचा उल्लेख अगत्याने करायला हवा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वाळलेल्या, गळून पडलेल्या पानांपासून सुपरकॅपॅसिटरचा कार्बन तयार केला. त्या पानांत कडुनिंबाची पाने होती. पानांची पूड तापवून थेट कार्बन मिळवला. वाफ किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांपैकी सक्रियीकरणाची कोणतीही वेगळी पायरी त्यात नव्हती. तरीही पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे १२३० चौरस मीटर आणि गंधकाम्लाच्या द्रावणात धारिता ग्रॅममागे ४०० फॅराड मिळाली. पानाची मूळची घडण आणि त्यातील खनिजे यांनीच छिद्रे घडवण्याचे काम केले. शाळेच्या आवारात रोज सकाळी झाडून गोळा केला जाणारा पाचोळा अशा नजरेने पाहता येतो, हे मुलांना कळले पाहिजे. त्यानंतर, आणि काही प्रमाणात त्याआधीही, भाताचे तूस, उसाची चिपाडे, केळीची साल, मक्याची कणसे अशा अनेक वस्तूंचा कोळसा करून पाहिला गेला. आता तर एखाद्या फळाची साल या संशोधनातून सुटली असेल की नाही याचीच शंका वाटते. यातील पुष्कळसे काम प्रामाणिक आहे. पण यंदाच्या पानांतून मिळालेला कार्बन पुढच्या वर्षीच्या पानांतूनही तसाच मिळेल का, आणि तो टनावारी करता येईल का, हे प्रश्न विचारल्यावर यादी झपाट्याने आखूड होते. करवंटी आपले स्थान टिकवून आहे ते या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर असल्यामुळे.

कोळसा सिद्ध झाला तरी अग्र तयार झाले असे नाही. त्याच्या बारीक पुडीत वीज चांगली वाहून नेणारी काजळी आणि कणांना एकत्र धरणारा बंधक मिसळतात व तो लेप ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर चढवतात. बंधक कमी पडला तर लेप सुटतो, जास्त झाला तर छिद्रे बुजतात आणि रोध वाढतो. लेप आणि पत्रा यांच्या सांध्यातला रोधही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. पत्र्याचा पृष्ठभाग रासायनिक रीतीने खरबरीत करून तो कमी केला जातो.

कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट चिकटलेले असतात. आम्लाच्या द्रावणात ते रासायनिक क्रियेत भाग घेऊन धारितेत भर घालतात, म्हणून प्रयोगशाळेत ते प्रिय असतात. सेंद्रिय द्रावणाच्या पेशीत मात्र तेच वायू निर्माण करतात, साठलेला प्रभार गळू देतात आणि पेशीचे आयुष्य घटवतात. कारखाना त्यांना काढून टाकण्यासाठी पैसे मोजतो. पाण्याचे द्रावण सोडून महाग आणि ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावक का वापरावा, याचे उत्तर विभवांतरात आहे. साठणारी ऊर्जा धारितेच्या पटीत वाढते, पण विभवांतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. पाणी १.२३ व्होल्टला विघटित होऊ लागते, तर सेंद्रिय द्रावण २.७ व्होल्टपर्यंत टिकते. एक व्होल्टऐवजी २.७ व्होल्ट मिळाले की तेवढ्याच धारितेत सातपटीहून अधिक ऊर्जा मावते. पाण्यातील ४०० फॅराड आणि सेंद्रिय द्रावणातील १०० फॅराड यांत श्रेष्ठ कोणते, हे नुसत्या फॅराडवरून ठरत नाही ते यामुळेच.

‘ग्रॅममागे इतके फॅराड’ या वाक्यातील ग्रॅम कोणाचा, हेही विचारले पाहिजे. एका पेशीत दोन अग्रे असतात. ती एकापुढे एक जोडलेली असल्याने पेशीची धारिता एका अग्राच्या निम्मी होते आणि वजन दुप्पट होते. म्हणजे अग्राच्या हिशेबाने सांगितलेला आकडा पेशीतील कोळशाच्या हिशेबाने सरळ चौथ्या हिश्शावर येतो. ही काही लबाडी नव्हे, दहावीच्या पुढचे गणितही नव्हे. परंतु कोणता हिशेब मांडला आहे हे सांगितले नाही तर वाचणारा फसतो. ३००० फॅराडच्या पेशीत प्रत्येक अग्र ६००० फॅराडचे लागते. ग्रॅममागे १०० फॅराड देणारा कोळसा घेतला तर प्रत्येकी ६०, म्हणजे एकूण १२० ग्रॅम कोळसा पुरतो. पेशीचे वजन मात्र अर्धा किलो असते. उरलेले वजन पत्रा, द्रावण, विलगक आणि डबा यांचे. गोगोत्सी आणि सिमोन यांनीच २०११ मध्ये एक छोटा लेख लिहून संशोधकांना सुनावले की केसाहून पातळ थरावर मोजलेले आकडे साधनाचे आकडे म्हणून सांगू नयेत. स्वतःच्या क्षेत्रातील उत्साहाला असा आवर घालणे सोपे नसते.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका भारतीय वंशाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला सुपरकॅपॅसिटरवरील प्रकल्पासाठी मोठे पारितोषिक मिळाले. तिने त्यावर एक छोटा एलईडी दिवा लावून दाखवला होता. एवढ्या लहान वयात केलेले ते काम खरोखर कौतुकास्पद होते. वर्तमानपत्रांनी मात्र ‘वीस सेकंदांत मोबाइल चार्ज’ असे मथळे दिले आणि ती वार्ता घरोघर पोहोचली. आजच्या साध्या स्मार्टफोनची बॅटरी सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा साठवते. ती वीस सेकंदांत भरायची तर २७०० वॅट शक्तीचा चार्जर हवा, म्हणजे स्नानगृहातील गिझरपेक्षाही मोठा. आणि तेवढी ऊर्जा ३००० फॅराडच्या सुपरकॅपॅसिटरमध्ये ठेवायची तर तशा पाच पेशी, एकूण अडीच किलो वजनाच्या, खिशात बाळगाव्या लागतील. हा हिशेब आठवी-नववीचा विद्यार्थी वहीच्या अर्ध्या पानावर करू शकतो. तो करायला शिकवणे मराठी माध्यमातून नक्कीच जमते. ‘विभवांतर’, ‘रोध’, ‘पृष्ठफळ’ हे शब्द ज्याला परके वाटत नाहीत, त्याला मथळ्याची छाननी करण्यासाठी इंग्रजीची वाट पाहावी लागत नाही.

सुपरकॅपॅसिटर किलोमागे पाच-सहा वॅट-तास ऊर्जा देतो, तर लिथियम-आयन बॅटरी दीडशे-दोनशे देते. पण बॅटरी हजारभर आवर्तनांत थकू लागते आणि हा पाच ते दहा लाख आवर्तने सहन करतो, कारण त्यात आयन फक्त ये-जा करतात. शांघाय शहरात २००६ मध्ये ११ क्रमांकाच्या मार्गावर अशा बस सुरू झाल्या. थांब्यावर प्रवासी चढ-उतार करीत असताना त्या भरून घेत आणि पुढच्या थांब्यांपर्यंत धावत. एअरबस ए-३८० विमानाचे दरवाजे आणीबाणीत उघडण्यासाठी लागणारी ऊर्जा सुपरकॅपॅसिटर पुरवतात. आपल्याकडे कण्णूर येथे केल्ट्रॉनने इस्रोच्या तांत्रिक सहकार्याने २०२४ मध्ये सुपरकॅपॅसिटर निर्मितीचे केंद्र सुरू केले. नारळाच्या प्रदेशातच हा उद्योग उभा राहिला, हा योग सुखद आहे.

त्याच २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी या विषयात नवी खळबळ उडवून दिली. बाजारात मिळणारे सुमारे वीस प्रकारचे सच्छिद्र कार्बन त्यांनी एकाच द्रावणात तपासले. पृष्ठफळ जास्त म्हणून धारिता जास्त, असे दिसले नाही. छिद्राच्या सरासरी मापाशीही धारितेचा मेळ बसला नाही. मग त्यांनी एनएमआर तंत्राने कार्बनच्या अंतर्गत रचनेचा वेध घेतला. ज्या कार्बनमध्ये ग्राफाइटसारखे सुरचित तुकडे लहान आहेत, म्हणजे ज्याची रचना अधिक विस्कळीत आहे, त्याची धारिता अधिक, असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला.

२००६ चा प्रयोग यामुळे खोटा ठरत नाही. कार्बाइडपासून घडवलेल्या, एका मापाच्या छिद्रांच्या कार्बनविषयी तो होता. बाजारातला कोळसा मापात बसत नाही. त्यात लहान-मोठी छिद्रे, वाकलेल्या भिंती, अर्धवट जुळलेली षटकोने यांची सरमिसळ असते, आणि सरासरी काढली की नेमके कामाचे तेवढे तिच्यात हरवते. विस्कळीतपणामुळे धारिता का वाढते, वाकलेल्या भिंतीजवळ आयन अधिक निकट जातो की तेथील प्रभारच निराळ्या रीतीने वाटला जातो, याचा शोध सुरू आहे. कारखान्यांपुढे असलेला प्रश्न तर त्याहून रोकडा आहे. करवंटीची भट्टी किती अंशाला, किती वेळ आणि किती वाफेत चालवली म्हणजे हवा तेवढाच विस्कळीतपणा कोळशात राहील आणि त्याची वाहकताही टिकेल, हे ठरवून देणारे कोष्टक अजून कोणीतरी तयार करायचे आहे.